मॅजेस्टिकमधले गाणे

गिरगावात पूर्वी पत्ता सांगायचा तो सिनेमागृहाच्या खुणेवरून. त्यांतले कॉरोनेशन मी पाहिलेले नाही. ३ मे १९१३ रोजी तेथे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, एवढे वाचून ठाऊक. मॅजेस्टिक मात्र आमच्या घरचेच म्हणा ना! १४ मार्च १९३१ रोजी तेथे 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले.

माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे. वझीर महंमद खानांनी म्हटलेले त्यातले फकिराचे गाणे ते आम्हांला गुणगुणून दाखवीत. पण चाल दर खेपेस निराळी! आई हसे, ते रुसून बसत. ताडून पाहावे, तर त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही.

पुढे मॅजेस्टिकही पाडले. तेथे दुकानांची इमारत उठली. मराठी वाचकाच्या तोंडी थिएटरचे नाव राहिले, ते त्यावरून नाव घेतलेल्या पुस्तकांच्या दुकानामुळे.

परवा त्याच इमारतीत छत्री घ्यायला गेलो होतो. नकळत गुणगुणू लागलो. दुकानदाराने विचारले, "काका, कुठलं हो हे गाणं?"

"आलम आराचं," मी बेधडक सांगून टाकले.