जवळचं न दिसणारा कॅमेरा

कॅमेऱ्याला जोडायच्या कड्या आणि चौकटी यांत कसला आलाय इतिहास, असं काहींना वाटलं असेल. पण आहे, आणि तो एका विसंगतीपासून सुरू होतो. जर्मनीतल्या वेट्झलारची लाइट्झ कंपनी मुळात सूक्ष्मदर्शक बनवणारी. नुसत्या डोळ्याला न दिसणारं दाखवणं हाच तिचा धंदा. तिथल्याच ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला छोटा कॅमेरा, लायका, १९२५ साली बाजारात आला. आणि त्याला एक मीटरच्या आतलं काही नीट टिपता येत नव्हतं!

का, ते आधी बघू. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. वर वेगळी खिडकी असते, तिच्यातून पाहतो. १९३२च्या मॉडेलपासून भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर आला. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. रस्त्यावरच्या माणसासाठी हे झकास. पण वस्तू जवळ आली, की खिडकीला एक दिसतं आणि भिंगाला दुसरंच. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटून बघा, बोट उडी मारतं ना? तेच हे लंबन. शिवाय भिंग पुढे सरकायला मर्यादा. ५० मि.मी.चं भिंग एक मीटरवर लावलं, तर साधारण ४३ बाय ६५ सें.मी.चा भाग फिल्मवर येतो. त्यात सहा सेंटिमीटरचं फुलपाखरू जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं उमटणार.

उपाय तसा सोपा. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये कडी घालायची. ५० मि.मी.च्या भिंगाला २५ मि.मी.ची कडी दिली की वस्तू फिल्मवर निम्म्या आकाराची येते, ५० मि.मी.ची दिली की मूळ आकाराची. मात्र तेव्हा प्रकाश चौपट लागतो. आणि खरी गोम पुढे आहे. साधी कडी घातली की रेंजफाइंडरचा भिंगाशी संबंधच तुटतो. म्हणजे भिंगाला जवळचं दिसू लागलं, आणि कॅमेरा धरणारा आंधळा झाला.

मग नेम धरायचा कसा? लाइट्झनं यावर इतकी उत्तरं काढली, की त्यांची नावं वाचतानाच दमायला होतं. नूकी, फुल्डी, बूवू, प्लूट. ही पाच-पाच रोमन अक्षरांची नावं म्हणजे तारेनं मागणी नोंदवायचे संकेतशब्द होते, त्यांत अर्थ शोधू नका. नूकी हा एका अर्थी चष्मा. तो भिंग पुढे न्यायचा आणि खिडक्यांसमोर काच धरून त्यांची नजरही वळवायचा. अर्ध्या मीटरच्या थोडं आत जाता यायचं. फुल्डीत आधी दुधी काचेवर चित्र पाहायचं, मग काच बाजूला सरकवून तिच्या जागी कॅमेरा आणायचा. तोवर किडा उडून गेलेला!

मला या सगळ्यांत शहाणा वाटतो तो बूवू. एक कडी आणि चार पाय, बस्स. पायांची लांबी कागदाच्या ठरावीक मापांना बेतलेली, ए-४, ए-५, ए-६. चार पाय टेकले की त्यांच्यामधलं तेवढं फिल्मवर येणार आणि स्पष्ट येणार. पाहायचं नाही, फोकस करायचा नाही. कागदावर ठेवा, बटण दाबा, पान उलटा. जे यंत्र जवळचं पाहूच शकत नाही, त्याला पाहायला न लावता मापानं काम करून घ्यायचं, ही यातली खरी अक्कल. आपण आज सहज म्हणतो, ‘झेरॉक्स काढून आण’. पण झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र आलं १९५९ साली. त्याआधी पिशवीत मावणाऱ्या साधनानं ग्रंथालयाच्या टेबलावर पानामागून पान टिपता येणं ही केवढी सोय असेल, विचार करा.

किड्यांसाठी, फुलांसाठी मात्र पाहणं भागच होतं. म्हणून १९३५ साली प्लूट आला. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये आरशाची पेटी. एक तार आरसा उचलणार, दुसरी शटर उडवणार, आणि दोन्हींचा ताळमेळ बसवायचा. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीनं किने एक्झॅक्टा काढला. त्यात आरसा कॅमेऱ्याच्या पोटातच होता. लाइट्झ तरीही पेटीच सुधारत राहिली. १९५१ साली व्हिझोफ्लेक्स आला, मग त्याची दुसरी, तिसरी आवृत्ती. ही पेटी लावली की रेंजफाइंडर बिनकामाचा. कॅमेरा उरतो तो फक्त फिल्म आणि शटर सांभाळणारा डबा. रेंजफाइंडरचा कमी आवाज आणि आटोपशीर आकार सोडवत नव्हता, हे समजतं. पण जवळच्या छायाचित्रणापुरता हा हट्ट होता, असं माझं मत. निकॉननं १९५९ साली आपल्याच रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या, एसपीच्या, रचनेत मधोमध आरसा बसवला आणि निकॉन एफ तयार केला. लाइट्झचा स्वतःचा आरशाचा कॅमेरा, लायकाफ्लेक्स, साठच्या दशकाच्या मध्यावर आला. त्यानंतरही व्हिझोफ्लेक्स १९८४पर्यंत बनत होता.

२०१२ साली जाहीर झालेल्या डिजिटल लायका एममध्ये मागच्या पडद्यावर थेट भिंगातलं चित्र दिसू लागलं, आणि कडी घालूनही आरशाशिवाय नेम धरता येऊ लागला. आता तुमचे प्रश्न घेऊ.