नगरच्या तख्ताचा समुद्र

मी नगरचा. आमच्या जिल्ह्याला दुष्काळ ठाऊक, समुद्र नाही. निजामशाहीबद्दल बोलताना चौलचं नाव घेतलं, की समोरून हमखास प्रश्न येतो, “नगरचा आणि गलबतांचा काय संबंध?”

संबंध होता आणि तो मोठा होता. १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला. या राज्याचं मोठं बंदर चौल, आजच्या रायगड जिल्ह्यात. तिथून कापड बाहेर जाई, अरबी-इराणी घोडे येत. हजचे यात्रेकरूही तिथूनच तांबड्या समुद्राकडे निघत.

थंडीतला ईशान्येचा वारा धरून गलबतं अरबस्तानाकडे जात. बाब-अल-मंदब ओलांडलं की खरी परीक्षा सुरू होई. दोन्ही काठांवर वाळवंट, गोड्या पाण्याची टंचाई आणि पाण्याखाली प्रवाळाचे खडक. जेद्दाहच्या उत्तरेला तर वारा बहुतेक वर्षभर समोरून येतो. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या होड्या दिवसाच चालत. ऊन वर असलं की पाण्याच्या रंगावरून खडक ओळखता येतो, मावळतीला ते जमत नाही. म्हणून सांज होण्याआधी एखाद्या शांत खाडीत शिरून नांगर टाकायचा आणि पहाटे पुन्हा शीड उभारायचं. नांगर टाकायच्या अशा जागेला अरबीत ‘मरसा’ म्हणतात.

११८३ साली अंदलुसचा इब्न जुबैर ऐधाबहून जेद्दाहला अशाच होडीतून गेला. त्या होड्यांत खिळे नव्हते, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या. लाकूड हिंदुस्थान आणि यमनमधून येई, असं तो लिहितो. म्हणजे त्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या होड्यांतही आपल्याकडचं लाकूड होतं.

सोळाव्या शतकात या वाटेवर पोर्तुगीज बसले. त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसेल, तर जहाज पकडलं जाण्याची भीती असे. हजला निघालेल्यांचीही यातून सुटका नव्हती. मुर्तजा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, पण कित्येक महिन्यांनी तह करावा लागला.

याच समुद्राने नगरला तिचा सर्वात मोठा रक्षणकर्ता दिला. चापू नावाचा एक हबशी मुलगा तांबडा समुद्र ओलांडून यमनच्या मोखा बंदरात विकला गेला. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने ही विक्री नोंदवली आहे. पुढे बगदादला त्याला ‘अंबर’ हे नाव मिळालं. दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखानाने त्याला विकत घेतलं. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर याच मलिक अंबरने निजामशाही उभी ठेवली, १६२६ साली मरेपर्यंत.

त्या किनाऱ्याची आठवण आपण हज आणि व्यापारापुरती ठेवली, तर ती अर्धीच राहते. ज्या पाण्यावर यात्रेकरू ‘लब्बैक’ म्हणत होता, त्याच पाण्यावरून कुणाचं तरी लेकरू बाजारात नेलं जात होतं. मुस्लिम म्हणून इतिहास लिहिताना मला दोन्ही सांगावं लागतं.

आजही आपण बंदर म्हणतो, खलाशी म्हणतो, नाखवा म्हणतो. ‘बंदर’ फारसीतून आलं, ‘खलाशी’ अरबीतून आणि ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून. नगरचा आणि गलबतांचा काय संबंध, असं आता कुणी विचारलं, की मी आधी मलिक अंबरचं नाव घेतो आणि मग हे तीन शब्द उच्चारायला सांगतो.