गाडीखालचा डाग

मोटारगाडी जिथे उभी राहते तिथे तेलाचा डाग पडणे, ही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बिघाडाची खूण मानली जात नसे. सुरुवातीच्या अनेक इंजिनांत तेल फिरून परत येण्याची सोयच नव्हती. बेअरिंगवर थेंबाथेंबाने सोडलेले तेल काम झाले की सांडून किंवा जळून जाई. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तेल इंजिनाच्या तळाशी साठत असे, पण ते मोजायला डिपस्टिक नव्हती. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खाली-वर असे दोन छोटे नळ होते. वरच्या नळातून तेल आले तर ते पुरेसे. खालच्यातूनही आले नाही तर गाडी हलवायची नाही. पातळी पाहायची तर गाडीखाली वाकायचे आणि थोडे तेल सांडायचे, हा रोजच्या चालवण्याचाच भाग होता.

गळतीचे मूळ यंत्राच्या घडणीतच आहे. इंजिनाचे डबे वेगवेगळे ओतून बोल्टने जोडलेले असतात आणि त्यांतून फिरता दांडा बाहेर काढावा लागतो. जे भाग एकमेकांवर स्थिर बसतात त्यांच्यामध्ये कॉर्क, जाड कागद किंवा तांबे-अॅस्बेस्टॉसचे पॅकिंग घालता येई. त्याला चिकटवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणजे शेलॅक, वापरत. कॉर्क काही वर्षांत वाळून आक्रसतो. मग बोल्ट आणखी आवळले जातात, पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते. जुन्या गाड्यांच्या इंजिनावरची झाकणे, म्हणजे टॅपिट कव्हरे, बोल्टपाशी दबलेली दिसतात, ती या आवळण्यामुळेच.

फिरत्या दांड्याचा प्रश्न याहून कठीण होता. तिथे आधी नमदा, चामडे किंवा ग्रॅफाइट लावलेला अॅस्बेस्टॉसचा दोर वापरला जाई. खरा बदल जर्मनीतल्या वाइनहाइम येथे झाला. तिथली फ्रॉयडेनबर्ग ही कंपनी मुळात चामडे कमावणारी. १९२९च्या मंदीत चामड्याची मागणी घसरल्यावर ती चामड्याच्या सीलकडे वळली. तिथल्या वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे ‘सिमरिंग’ १९३२ साली आले. त्यात दांड्याला टेकणारी चामड्याची कड धातूच्या कड्यात बसवलेली होती. १९३६पासून चामड्याऐवजी तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर आले. आज गॅरेजमध्ये ज्याला ‘ऑइल सील’ म्हणतात ते याच घडणीचे. त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेनसेन या डॅनिश संशोधकाने ओ-रिंग तयार केली. तिचे पेटंट १९३९ साली मिळाले.

नवे सील आले म्हणून सगळ्या कारखान्यांनी ते लगेच घेतले असे नाही. ब्रिटनमधल्या बीएमसी या मोटार कंपनीच्या बी मालिकेच्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकच्या, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला सीलच नव्हते. दांड्यावर उलटे आटे कोरलेले असत आणि दांडा फिरताना ते तेल आत ढकलत. इंजिन बंद झाले की ही ढकल थांबे आणि उरलेले दोन-चार थेंब क्लचच्या कवचातून खाली येत. याच घराण्यातले इंजिन अॅम्बॅसेडरमध्ये आले आणि भारतभर दीर्घकाळ चालले. अशा इंजिनाखालचा लहान डाग दुरुस्त करायचा नसतो, कारण तिथे बदलण्याजोगे काहीच नसते.

डाग एकाएकी मोठा झाला तर मात्र कारण शोधावे लागते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. ब्रीदर काजळीने तुंबला की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. अशा वेळी नवे सील घातले तरी महिन्याभरात पुन्हा गळती सुरू होते आणि दोष सीलच्या माथी जातो. म्हणून जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी ब्रीदरची नळी काढून पाहतो. क्रँकचे मागचे सील स्वस्त असते, पण त्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चुकीच्या निदानाची खरी किंमत या मजुरीत आहे.

१९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या एनफिल्ड बुलेटचे उदाहरण वेगळे आहे. तिच्या प्रायमरी चेनचे झाकण मधल्या एकाच नटावर बसे आणि कडेला रबराची पट्टी असे. तो नट जास्त आवळला की झाकण वाकून कडेने तेल झिरपे. हातात बळ असलेल्या माणसापेक्षा हलक्या हाताच्या मिस्त्रीकडे ती गाडी कोरडी राहत असे.

ब्रेकची गळती या सर्वांहून गंभीर. माल्कम लॉकहीड यांच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये आधी चामड्याचे वायसर होते आणि ते गळत. १९२४च्या क्रायस्लरसाठी त्याजागी रबराचे आले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, त्यामुळे ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचे मिश्रण भरत. पुढे ग्लायकोलवर आधारलेले द्रव आले. इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत ओतले तर सगळे रबर निकामी होते, ही ताकीद तेव्हापासूनची आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांची नळी एकच होती. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही ब्रेक जात. अमेरिकेत १९६८पासून मोटारींना दुहेरी रचना सक्तीची झाली. भारतात एकेरी नळीच्या गाड्या त्यानंतरही बरीच वर्षे धावत होत्या. चाकाच्या आतल्या बाजूचा ओलावा दिसला की गाडी तिथेच थांबवणे, हाच त्या काळचा एकमेव सुरक्षित उपाय होता.

द्रव ओळखणे रंगांमुळे सोपे झाले. १९४९ साली जनरल मोटर्सने ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ‘टाइप ए’ तेल आणले आणि अशा तेलाला लाल रंग देण्याची प्रथा रूढ झाली. रेडिएटरमधल्या ग्लायकोलला हिरवा रंग घालत आणि त्याला गोडसर वास असतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प येतो. एसीचे टपकणारे पाणी निर्धोक असते. तरी रंगावर विसंबणे धोक्याचे, कारण जुने झाल्यावर बहुतेक तेले काळी पडतात आणि कूलंटचे रंग आता कंपनीगणिक बदलतात.

थेंब पडतो ती जागा आणि तो निघतो ती जागा सहसा वेगळी असते. वर टॅपिट कव्हरमधून सुटलेले तेल इंजिनावरून ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. ते क्लचच्या कवचाखाली टपकले की मागचे सील गेल्याचा भास होतो. म्हणून जुनी पद्धत अशी: इंजिन रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडे करायचे, त्यावर खडूची पूड भुरभुरायची, थोडे अंतर गाडी चालवायची आणि गाडी पिटवर घेऊन ओली रेघ खालून वर शोधत जायची. सर्वांत वरचा ओला बिंदू हेच उगमस्थान. आता खडूच्या जागी अतिनील दिव्यात चमकणारा रंग तेलात मिसळतात. शोधण्याची दिशा मात्र तीच राहिली.

दोराचे सील आणि अॅस्बेस्टॉसचे पॅकिंग आरोग्याच्या कारणांनी मागे पडले, कॉर्कची जागा रबर आणि सिलिकोनने घेतली. नव्या गाड्यांना खालून प्लास्टिकचे आवरण असते. गळलेले तेल त्यातच साचते, त्यामुळे जमीन कोरडी राहूनही पातळी उतरत जाते आणि तपासणीच्या वेळी ते आवरण उतरवणे भाग पडते.