गिटहबची 'जीएच' कमांड : विंडोज, मॅक, लिनक्सवर टाकायची कशी, लॉगिन करायचं कसं?

गिटहबवर कोड चढवताना टर्मिनल पासवर्ड विचारतं. पासवर्ड बरोबर असतो, तरी नकार येतो. नव्याने शिकणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. कारण सरळ आहे. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी अकाउंटचा पासवर्ड चालत नाही. टोकन किंवा एसएसएच की लागते. हे काम सोपं करणारं गिटहबचंच मोफत टूल म्हणजे 'जीएच'. मात्र गिट आधी वेगळं टाकलेलं हवं.

खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरावीत, दोन शब्दांत एक जागा सोडावी. 'जीएच' म्हणजे जी आणि एच ही दोनच अक्षरं.

विंडोज : टर्मिनल उघडून 'विंगेट इन्स्टॉल गिटहब.सीएलआय' ही कमांड द्यावी. झाल्यावर ती खिडकी बंद करून नवी उघडावी, नाहीतर 'कमांड सापडत नाही' असंच दिसत राहतं.

मॅक : होमब्रू असेल तर 'ब्रू इन्स्टॉल जीएच' एवढंच पुरतं.

लिनक्स : फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीएच'. उबुंटू, डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीएच' चालतं, पण तिथे जुनी आवृत्ती मिळू शकते. त्यामुळे टूलच्या अधिकृत पानावरच्या ओळी वापरून गिटहबची रेपॉझिटरी आधी जोडून घेतलेली बरी.

लॉगिन (तिन्हीकडे सारखंच)

१. 'जीएच ऑथ लॉगिन' टाइप करावं.
२. गिटहब डॉट कॉम निवडावं, मग एचटीटीपीएस. गिटसाठीही हेच लॉगिन वापरायचं का, याला होकार द्यावा.
३. 'वेब ब्राउझर' निवडावं. आठ अक्षरांचा कोड दिसेल.
४. एंटर दाबल्यावर ब्राउझर उघडतो. तिथे कोड टाकून परवानगी द्यावी. ब्राउझर नसलेल्या सर्व्हरवर काम असेल तर तोच कोड मोबाइलवरून गिटहबच्या 'लॉगिन/डिव्हाइस' पानावर टाकता येतो.
५. 'जीएच ऑथ स्टेटस' दिल्यावर आपलं नाव दिसलं की काम फत्ते.

इथे सांभाळा

कोड फक्त आपल्याच स्क्रीनवर आलेला टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर कुणी 'हा कोड टाक' म्हणून पाठवला तर टाकू नये. तो टाकला की आपल्या अकाउंटची किल्ली समोरच्याच्या हातात जाते, पासवर्ड न सांगताही.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत काम केलं असेल तर उठण्याआधी 'जीएच ऑथ लॉगआउट' द्यावं. नुसता ब्राउझर बंद करून भागत नाही. टोकन त्या कॉम्प्युटरवर राहतं आणि पुढचा माणूस आपल्या नावाने कोड बदलू शकतो. लॉगआउटनेही टोकन फक्त त्या मशीनवरून पुसलं जातं, रद्द होत नाही. शंका असेल तर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन्स'खाली जाऊन गिटहब सीएलआयला दिलेली परवानगी काढून टाकावी.