सायकलींचे परदेशी दान

वापरात नसलेल्या सायकली गोळा करून गरीब देशांतील लोकांपर्यंत पोहोचविण्याचा उपक्रम. अमेरिकेत डेव्हिड श्वाइडनबॅक यांनी १९९१ मध्ये न्यू जर्सी राज्यात ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ ही संस्था काढली; एक्वादोरमध्ये ‘पीस कोअर’ या अमेरिकी सेवासंस्थेचे स्वयंसेवक असताना सायकलीमुळे कारागिराचा धंदा कसा वाढतो, हे त्यांनी पाहिले होते. ब्रिटनमधील ‘री-सायकल’ ही संस्था आफ्रिकेत सायकली धाडते. पेडल काढून व हँडल वळवून रचल्यास ४० फुटी कंटेनरमध्ये ४०० हून अधिक सायकली मावतात. सायकल फुकट मिळते, खर्च वाहतुकीचा. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री नसेल, तर असे दान लवकरच भंगारात जाते. म्हणून काही संस्था सायकली फुकट न वाटता स्थानिक भागीदारांमार्फत अल्प किमतीत विकतात, आणि ते योग्यच आहे.

अमेरिका-ब्रिटनच्या तुलनेत कुवेतची गोष्ट थोडी वेगळी. देश मोटारींचा, उन्हाळ्यात पारा ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, त्यामुळे उघड्यावर पडून राहिलेल्या सायकलींचे टायर तडकतात. तरीही भारतीय उपखंडातील अल्पवेतनी कामगारांना सायकल उपयोगी पडते. तेथील जुन्या वस्तूंचा मोठा बाजार म्हणजे अल-राई भागातील ‘सूक अल-जुमा’, म्हणजे शुक्रवारचा बाजार. साहजिकच टाकून दिलेल्या सायकलीला समुद्रापार पाठविण्याआधी कुवेतमध्येच गरजू सापडतो.