पाऊल मागे, पाऊल बाजूला

हाउस हा नाच शिकायला गेलं की पहिल्या दिवशी पाय हलवू देत नाहीत. निदान मला तरी दिले नाहीत. पावलांत खांद्याएवढं अंतर, गुडघे सैल, आणि गाणं सुरू झालं की कमरेतून छातीपर्यंत एक लाट जाऊ द्यायची. ठेक्याच्या 'धम'वर गुडघे खाली, दोन धमांच्या मधल्या 'त्स'वर पुन्हा वर. तासभर एवढंच. याला जॅक म्हणतात. आरशात पाहिलं तर आपण एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट चढतोय असं वाटतं.

पाऊल नंतर येतं, आणि ते या जॅकमधूनच यावं लागतं. वजन एका पायावर कललं की दुसरा मोकळा होतो, आणि मोकळा झालेला पाय कुठेतरी जातोच. तो कुठे जातो, एवढाच पुढच्या सगळ्या शिक्षणाचा विषय. ज्यांना पावलं आधी पाठ होतात आणि जॅक येत नाही, ते नाचताना बरोबर असतात पण नाचत नसतात. हे वाक्य मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे, कारण माझं बरेच महिने तेच झालं.

आधी धड आणि मग पाय, ही क्रमवारी कुणा शिक्षकाने पद्धत म्हणून शोधून काढलेली नाही. तिला पत्ता आहे: २०६, साउथ जेफरसन स्ट्रीट, शिकागो. तिथल्या तीन मजली जुन्या औद्योगिक इमारतीत रॉबर्ट विल्यम्सने 'द वेअरहाउस' हा क्लब चालवला. विल्यम्स न्यूयॉर्कहून आलेला. त्याला तिथलाच डीजे हवा होता. लॅरी लेव्हानने नकार दिला आणि त्याचा मित्र फ्रँकी नकल्स १९७७ साली शिकागोला आला. येणारी गर्दी मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो समलिंगी तरुणांची. ज्यांना शहरातल्या गोऱ्या क्लबांच्या दारावर अडवलं जाई आणि स्वतःच्या मोहल्ल्यात जपून राहावं लागे, अशांची. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवार उजाडला तरी चाललेला असे. तिथे जे वाजतं ते 'हाउस', कारण ते वेअरहाउसमध्ये वाजतं, ही त्या नावाची सगळ्यात प्रचलित व्युत्पत्ती.

१२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरात, कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, 'डिस्को डिमॉलिशन नाइट' झाली. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाची कल्पना अशी की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटांत आत या. दोन सामन्यांच्या मध्ये मैदानावर त्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली गेली. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले होते. हजारो जण मैदानात घुसले, हिरवळीला आगी लागल्या आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. पुष्कळ जण अजूनही हा प्रकार बाष्कळ थट्टा म्हणून सांगतात. पण त्या दिवशी स्टेडियममध्ये व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक काळा किशोर लोकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने नंतर सांगितलं की लोकांनी टाकलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्याही पुष्कळ होत्या, नुसत्या काळ्या कलाकारांच्या. याच लॉरेन्सने पाच वर्षांनी, १९८४ साली, जेसी साँडर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' हे गाणं लिहिलं. तबकडीवर आलेलं पहिलं हाउस गाणं म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. इतिहासात असे योग क्वचित येतात आणि आले की लेखकाने गप्प बसावं.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं, तशी व्हायोलिनांचे ताफे आणि महागडे स्टुडिओ यांवर चालणारी ती गाणी आटली. नकल्स जुन्याच गाण्यांचे तुकडे टेपवर कापून लांबवत असे, खाली ड्रम-मशीन जोडत असे. १९८२च्या अखेरीस तो वेअरहाउस सोडून 'पॉवर प्लांट'मध्ये गेला. विल्यम्सने 'म्युझिक बॉक्स' उघडून तिथे रॉन हार्डीला बसवलं. हार्डी गाणी वेगाने, कर्कश आणि प्रसंगी उलटी वाजवी. जॅकचा जो झटका आज शिकवतात त्याची कल्पना मला या क्लबाशिवाय करता येत नाही. मग पोरांनी स्वस्तातली मशिनं घेऊन घरीच गाणी बनवली, आणि ती समोर दिसणाऱ्या शरीरांकडे बघून बनवली. म्हणून शीर्षकांतसुद्धा प्रेमाबिमाच्या आधी जॅक येतो: १९८५चं चिप ई.चं 'टाइम टू जॅक', आणि स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचं 'जॅक युअर बॉडी', जे जानेवारी १९८७मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात शब्द जवळपास नाहीतच. शीर्षकच पुन्हा पुन्हा येतं. लाखो इंग्रजांनी एका नाचाचं नाव घरी नेलं. तो नाच कसा करायचा हे मात्र तबकडीवर कोरता येत नव्हतं.

याच मशिनांची एक फांदी आपल्याकडेही आहे. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. भैरव, ललत, मेघमल्हार, आणि खाली न थांबणारा चार ठोक्यांचा ठेका. शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' याच ३०३च्या किरकिरीवर १९८७ साली आलं, म्हणजे पाच वर्षांनंतर. २०१०मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाल्यावर हाउसचा शोध मुंबईत लागला असं म्हणायची लाट आली. मला ते पटत नाही. यंत्र तेच होतं, ध्वनीही चकित करणारा आहे, पण समोर नाचणारं कुणी नव्हतं. हाउस हा आधी जमिनीवरचा प्रकार आहे आणि मग कानातला.

पाय खरे सुटले ते न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यामागे एका कायद्याचा हात आहे. १९२६ साली या शहराने 'कॅबरे लॉ' केला: खाणंपिणं विकणाऱ्या जागेत तीन माणसांनी नाचायचं तर परवाना हवा. (मुंबईकर वाचकाला २००५ची डान्सबारबंदी आठवेल. नाचाला परवाना लागतो ही कल्पना सरकारांना फार आवडते.) डेव्हिड मँकूसो १९७०पासून ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत, 'द लॉफ्ट'मध्ये, निमंत्रितांना बोलावून रात्रभर रेकॉर्डी लावायचा. विनापरवाना कॅबरे चालवतो म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. त्याचं म्हणणं असं की मी काही विकतच नाही. १९७५मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. दारू नाही, विक्री नाही, म्हणून कॅबरे नाही. किंग स्ट्रीटवरच्या एका मोटार-गॅरेजात सुरू झालेल्या 'पॅराडाइज गॅरेज'नेही हाच मार्ग धरला. तिथे लॅरी लेव्हान वाजवी. सभासदांनाच प्रवेश, आणि आत दारू मिळत नसे.

याचा नाचावर झालेला परिणाम साधा आहे. दारू नाही म्हणजे बारभोवती घुटमळणं नाही, पेला सांभाळत डोलणं नाही. आलेला माणूस नाचायलाच आलेला असतो आणि पहाटे पाचलाही त्याचे पाय शुद्धीवर असतात. जमिनीवर कुणीतरी टाल्कम पावडर भुरभुरवतो, म्हणजे तळवा अडकत नाही, घसरतो. असे आठ-आठ तास, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं मिळाले तर पायांना नवं काही सुचणारच.

आणि हे पाय कोरे नव्हते. कुणाच्या घरी मांबो-साल्सा, कुणी लहानपणी टॅप शिकलेलं, कुणी दिवसा जॅझच्या वर्गात घाम गाळणारं, कुणी कापोएरा पाहून आलेलं. त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आजच्या प्राथमिक धड्यात आहे. हाउसच्या मूळ पावलांपैकी एकाचं नाव 'पा द बुरे' आहे. फ्रेंच नाव, बॅलेतलं. उजवा पाय मागे, डावा बाजूला, उजवा पुढे. मग तेच उलट बाजूने. बॅलेत हे पाय सरळ ठेवून, टाचा उचलून, अंग वर खेचून करतात. हाउसमध्ये गुडघे वाकलेले, वजन खाली, आणि आतून जॅक चालू. पावलांचा क्रम तोच, पण शरीर जमिनीकडे निघालेलं.

त्यातली खरी अडचण गणिताची आहे. दोन ठोक्यांत तीन पावलं बसवायची. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर दोन ठोके म्हणजे बरोबर एक सेकंद; त्या सेकंदात वजन तीनदा बदलायचं. पहिलं 'धम'वर, दुसरं 'त्स'वर, तिसरं पुन्हा 'धम'वर. हे जमतं तेव्हा पाय घाईत असतात आणि माणूस निवांत दिसतो. जमत नाही तेव्हा उलटं.

या पावलांना नावं पडली ती मात्र उशिरा. 'ट्रेन', 'फार्मर', 'लूज लेग्ज', 'हील-टो' ही आजची वर्गातली यादी. क्लबमध्ये तुम्ही शेजारच्याचं पाहून उचलत होता, घोळक्याच्या मधोमध जाऊन परत करत होता, आणि तेवढ्यात त्याचं काहीतरी वेगळं होत होतं. नाव लागतं ते परक्याला शिकवताना. नव्वदच्या दशकात हिपहॉपमधून आलेली एक पिढी रात्री या क्लबांत नाचत होती आणि दिवसा व्हिडिओंत काम करत होती. त्यांतले काही जण मग जपान आणि युरोपात शिकवायला गेले. ब्रायन ग्रीन याचं तर टोपणनावच 'फुटवर्क'. एजो विल्सन, मार्जरी स्मार्थ ही त्याच फळीतली नावं. नृत्य-अभ्यासक सॅली सॉमर यांनी त्या काळात न्यूयॉर्कच्या क्लब-नर्तकांचं चित्रीकरण केलं. त्यातून पुढे 'चेक युअर बॉडी ॲट द डोअर' हा माहितीपट झाला. ज्यांना पावलं शिकायची आहेत त्यांनी तो पाहावा, आणि पाय सोडून माना आणि खांदे बघावेत. पॅरिसच्या 'ज्युस्त दबू' या २००२पासूनच्या स्पर्धेत हाउस हा स्वतंत्र विभाग आहे. आता तो फेरी, परीक्षक आणि विजेते असलेला नाच झाला आहे.

वर्गांबद्दल कुरकुरणं सोपं आहे. एक-दोन-तीन-चार मोजून हाउस शिकवणं म्हणजे ओवी गद्यात समजावणं, असं मीही एकदा तोऱ्यात म्हणाले होते. आता म्हणत नाही. या नाचाची नैसर्गिक परंपरा, म्हणजे थोरल्याचं पाहून धाकट्याने उचलणं, आपोआप चालू राहिली असती हे आपण गृहीत धरतो. पण थोरले कुठे होते? पॅराडाइज गॅरेज १९८७ साली बंद झालं आणि त्याचा मालक मायकेल ब्रॉडी त्याच वर्षी एड्सच्या आजाराने गेला. व्होगिंगचा थोर नर्तक विली निंजा, जो सॉमर यांच्या चित्रीकरणातही आहे, २००६मध्ये त्याच आजाराने गेला. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ते मालक होते, नामवंत होते. जमिनीवर नुसतेच नाचणारे किती गेले, आणि कोणतं पाऊल कुणाबरोबर गेलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यात नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कचे महापौर रूडी जुलियानी यांनी जुना कॅबरे लॉ पुन्हा जोरात राबवायला घेतला. तो कायदा रद्द व्हायला २०१७ उजाडलं. अशा वेळी कुणीतरी पावलांना नावं दिली, ती मोजली, क्रमाने लावली आणि ओसाकातल्या किंवा पॅरिसमधल्या अनोळखी मुलांना शिकवली. मोजणीत थोडं सांडलं असेल. ओंजळच नसती तर सगळंच सांडलं असतं.

शिकागोने २००४मध्ये जेफरसन स्ट्रीटच्या एका तुकड्याला फ्रँकी नकल्सचं नाव दिलं. तो २०१४मध्ये गेला. वेअरहाउसच्या इमारतीवर बरीच वर्षं टांगती तलवार होती. २०२३मध्ये शहराने तिला वारसा-वास्तूचा दर्जा दिला.

माझा पा द बुरे अजूनही दुसऱ्या पावलावर अडतो. मागे गेलेल्या पायावर वजन पूर्ण पडायच्या आत मी बाजूचा पाय उचलायला जाते. शिक्षिका मग गाणं थांबवत नाही, नुसती हाताने खूण करते, आणि मी पावलं सोडून परत गुडघ्यांवर येते. खाली धम, वर त्स.