राजीव आरोग्यश्री योजना : हैदराबादेतील अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी माहिती व मार्गदर्शन

॥ श्री ॥



कुटुंबातील एखाद्या व्यक्तीस अचानक गंभीर आजार उद्भवला, की रुग्णालयाच्या खर्चासाठी साहाय्य मागण्याकरिता अनेक जण मंदिरात येतात. न्यास आपल्या शक्तीप्रमाणे मदत करतोच. परंतु पुष्कळदा असे दिसून येते, की ज्या उपचारासाठी त्या कुटुंबाने दागिने गहाण टाकले अथवा सावकाराचे कर्ज काढले, तो उपचार शासनाच्या योजनेतून विनामूल्य होऊ शकला असता. कार्ड घरात असते, पण ते रुग्णालयात दाखविले जात नाही. किंवा कार्डावर रुग्णाचेच नाव नसते. अशी वेळ कोणावर येऊ नये, या हेतूने ही माहिती एकत्र दिली आहे.

योजनेची पार्श्वभूमी

अविभक्त आंध्र प्रदेशात मोठ्या शस्त्रक्रियांसाठी गरीब कुटुंबांना मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करावे लागत. अर्जांची संख्या वाढत गेल्यावर मुख्यमंत्री डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या शासनाने १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर व श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत आरोग्यश्री योजनेचा प्रारंभ केला. २००८ साली ती संपूर्ण राज्यास लागू झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य स्थापन झाल्यावर येथे ती आरोग्यश्री न्यासामार्फत पुढे चालू राहिली. २०२१ साली केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडण्यात आली. ९ डिसेंबर २०२३ रोजी प्रत्येक कुटुंबासाठीची वार्षिक मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपये करण्यात आली. त्या वेळी योजनेत १,६७२ उपचार होते. २०२४ साली आणखी १६३ उपचारांची भर पडून ही संख्या १,८३५ झाली.

महाराष्ट्रातही याच धर्तीवर २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते.

लाभ कोणास मिळतो

आरोग्यश्रीचा मुख्य आधार म्हणजे तेलंगणा शासनाची अन्नसुरक्षा शिधापत्रिका. जुनी मंडळी जिला पांढरे कार्ड म्हणत, तिचीच जागा या पत्रिकेने घेतली आहे. शहरी भागात वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत व ग्रामीण भागात दीड लाखापर्यंत असलेली कुटुंबे या पत्रिकेस पात्र धरली जातात. पत्रिकेवर नाव असलेल्या सर्व व्यक्तींस मिळून वर्षाची मर्यादा लागू होते. ती एकाच रुग्णासाठी वापरता येते किंवा अनेकांत विभागली जाते. आजार योजनेपूर्वीचा आहे, या कारणाने लाभ नाकारला जात नाही.

शिधापत्रिका नसल्यास

नवीन पत्रिकेसाठी व नावे वाढविण्यासाठी अर्ज मीसेवा केंद्रात करावा. कुटुंबातील सर्वांचे आधार कार्ड व राहत्या पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा. उत्पन्नाचा दाखलाही मीसेवामार्फतच काढता येतो. पावतीवरील अर्ज क्रमांक जपून ठेवावा. पुढील चौकशी त्यावरच होते. अर्जाची छाननी त्या भागाच्या नागरी पुरवठा कार्यालयाकडून होते. पुष्कळ वर्षे नवीन पत्रिका मिळणे दुरापास्त झाले होते. २०२५ साली त्यांचे वाटप पुन्हा सुरू झाले. पूर्वी निराश होऊन परतलेल्यांनी पुन्हा अर्ज करावा, अशी आग्रहाची सूचना आहे.

विवाह होऊन आलेली सून आणि नवजात बालक यांची नावे पत्रिकेवर नोंदविण्याचे राहून जाते, हा वारंवार आढळणारा दोष आहे. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झाल्याशिवाय सासरच्या पत्रिकेवर चढत नाही. आजारपणात ही धावपळ करणे अत्यंत कठीण असते. लग्नकार्य आटोपताच व बारशानंतर लगेच हे काम उरकावे.

गावाकडे कार्ड असलेल्यांसाठी विशेष सूचना

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, लातूर, परभणी, बीदर या भागांतून कामासाठी या शहरात येण्याचा प्रघात तेव्हापासून चालत आला आहे. आजही आपल्यातील कित्येक कुटुंबे येथे भाड्याने राहतात आणि शिधापत्रिका मात्र गावाकडची असते. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या शिधापत्रिकेवर तेलंगणाची आरोग्यश्री मिळत नाही.

२. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत परराज्यात धान्य मिळते. तिचा रुग्णालयाच्या खर्चाशी संबंध नाही. या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज आहे.

३. आयुष्मान भारत कार्ड असल्यास ते परराज्यातही चालते. त्या योजनेशी संलग्न असलेल्या हैदराबादेतील रुग्णालयात ते दाखवावे.

४. नियोजित शस्त्रक्रिया असल्यास व गावी आधार असल्यास, महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारकांनी फुले योजनेतून नांदेड, लातूर यांसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांत उपचार घेण्याचा विचार करावा.

५. येथेच कायम राहणार असाल तर गावाकडील पत्रिकेतून नावे कमी करून घ्यावीत व मग येथे अर्ज करावा. दोन्ही राज्यांची पत्रिका एकाच वेळी बाळगणे नियमबाह्य आहे आणि आधार क्रमांकामुळे ते उघडकीस येते.

रुग्णालयात काय करावे

प्रथम जवळच्या बस्ती दवाखान्यात किंवा शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. २०१८ पासून शहरातील वस्त्यांत सुरू झालेल्या या दवाखान्यांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. साध्या तापासारख्या आजारांना आरोग्यश्री लागू नाही. त्यासाठी हेच दवाखाने योग्य. मोठ्या उपचाराची गरज भासल्यास योजनेशी संलग्न रुग्णालयात जावे. उस्मानिया, गांधी, निलोफर, निम्स आणि कर्करोगासाठी लाल टेकडीवरील एम. एन. जे. ही शासकीय क्षेत्रातील प्रमुख रुग्णालये होत. अनेक खाजगी रुग्णालयेही संलग्न आहेत; मात्र काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात.

संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी नेमलेला असतो. पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्यापूर्वी त्याची भेट घ्यावी व शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून नोंद करवून घ्यावी. आवश्यक चाचण्या झाल्यावर रुग्णालय सर्व कागदपत्रे पूर्वमंजुरीसाठी आरोग्यश्री न्यासाकडे पाठविते. मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरूनही मंजुरी घेता येते. कागदपत्रांअभावी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. घरी जाताना दहा दिवसांची औषधे मिळतात. काही निवडक उपचारांनंतर पुढील वर्षभराची तपासणीही योजनेतच होते.

मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून रोख रक्कम घेता येत नाही. कोणी मागितल्यास पावती मागावी व आरोग्यमित्रास कळवावे. दाद न मिळाल्यास १०४ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बेगमपेठ येथील महात्मा जोतिबा फुले प्रजा भवनातील प्रजावाणी कार्यक्रमातही लेखी निवेदन देता येते. अपघात वा हृदयविकारासारख्या प्रसंगी प्रथम १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ पासून विनामूल्य चालू आहे.

आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. शासनाकडील थकबाकीमुळे २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात खाजगी रुग्णालयांच्या संघटनेने आरोग्यश्री सेवा काही दिवस थांबविली होती. म्हणून रुग्णाला हलविण्यापूर्वी, त्या रुग्णालयात त्या उपचारासाठी योजना चालू आहे काय, हे १०४ वर विचारून घ्यावे. शासकीय रुग्णालयाचा पर्यायही मनाशी ठेवावा.

पत्रिका नसलेल्यांसाठी इतर मार्ग

कारखान्यात, दुकानात वा कार्यालयात नोकरी असून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर सनतनगरच्या विमा रुग्णालयात संपूर्ण कुटुंबास उपचार मिळतात. घरातील सत्तर वर्षे व त्यापुढील वडीलधाऱ्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाख रुपयांपर्यंतचे स्वतंत्र संरक्षण सुरू झाले आहे. त्यास आधार कार्ड पुरते. यांपैकी काहीच लागू नसेल, तर लोकप्रतिनिधीच्या शिफारसपत्रासह मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करावा. त्यासाठी रुग्णालयाची मूळ बिले लागतात. ती कोणाच्याही हाती देण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.

भाविकांस विनंती

आजच घरातील शिधापत्रिका काढून पाहावी. सर्वांची नावे आहेत काय, ती आधार कार्डावरील नावांशी अक्षरशः जुळतात काय, पत्ता येथील आहे काय, हे तपासावे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाई, इमारतीचे रखवालदार, गल्लीतील भाजीवाले यांनाही ही माहिती सांगावी. यांपैकी कित्येकांना मराठी वा तेलुगू वाचता येत नाही. अर्ज भरण्यात अडचण असल्यास मंदिर कार्यालयात कागदपत्रांसह यावे, तेथील सेवेकरी यथाशक्ति साहाय्य करतील. या कामासाठी कोणतेही शुल्क अथवा देणगी घेतली जात नाही.

वेळेवर नोंदविलेले एक नाव उद्या कोणाचे तरी प्राण वाचवू शकेल. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, या भावनेने प्रत्येकाने निदान एका कुटुंबास हे साहाय्य करावे, ही नम्र प्रार्थना.